पूना डिव्हिजनचा कूतपर्यंतचा रस्ता



ब्रिटिश फौजेच्या एका डिव्हिजनवर पुण्यात बोलायचं, याचं कारण सरळ आहे. त्या डिव्हिजनचं नाव सहावी (पूना) डिव्हिजन. तिचं मुख्यालय इथे, आपल्या कँपात. तिच्या तीन ब्रिगेडींची नावं होती पूना, अहमदनगर आणि बेळगाव. तिच्यात १०३, ११० आणि ११७ नंबरच्या तीन मराठा पलटणी होत्या. त्यांत देशावरचे मराठे, कोकणातले मराठे आणि दख्खनी मुसलमान असे शिपाई असत. पूल बांधणारे, सुरुंग लावणारे सॅपर खडकीचे. २९ एप्रिल १९१६ रोजी तैग्रिस नदीच्या एका वळणावरच्या मातीच्या गावात, कूत-अल-अमाऱ्यात, ही डिव्हिजन तुर्कांना शरण गेली. सुमारे १३,००० माणसं कैद झाली.

या प्रकरणावर इंग्रजीत भरपूर लिहिलं गेलंय आणि त्यातलं बरंचसं एकाच माणसाभोवती फिरतं : मेजर-जनरल चार्ल्स टाउन्शेंड. तो शूर होता की ढोंगी, त्याला बगदाद हवं होतं की त्याच्यावर लादलं गेलं, आपले शिपाई वाळवंटात मरत असताना तो इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात कसा राहिला. मजा आहे त्या वाचनात, नाही असं नाही. पण सेनापतीचं चरित्र म्हणजे फौजेचा इतिहास, अशी एक सवय त्यातून लागते आणि मला ती फसवी वाटते. पूना डिव्हिजन कूतला मोडली ती टाउन्शेंडच्या स्वभावामुळे थोडी, आणि तिच्या घडणीमुळे फार. ही घडण कुणी केली, कशासाठी केली आणि ती नेमकी कुठे तुटली, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात किचनेरपासून करावी लागते. १९०२ साली तो हिंदुस्थानचा सरसेनापती होऊन आला तेव्हा इथली फौज देशभर छोट्या-छोट्या छावण्यांतून विखुरलेली होती. अठराशे सत्तावन्नची धास्ती होती ती. प्रत्येक मोठ्या शहराजवळ एक गोरी पलटण हवीच. किचनेरला चिंता रशियाची. त्यानं सगळी फौज नऊ डिव्हिजनांत बसवली आणि वायव्य सरहद्दीकडे जाणाऱ्या दोन वाटांवर त्या ओवल्या. मुंबईहून क्वेट्ट्याकडे जाणाऱ्या दक्षिणेच्या वाटेवर पूना डिव्हिजन आली. कल्पना चांगली होती. शांततेत जे अधिकारी एकत्र कवायत करतात तेच युद्धात एकत्र जातील. तोपर्यंत हिंदुस्थानी फौजेत प्रत्येक मोहिमेसाठी पलटणी गोळा करून ब्रिगेड बनवायची आणि मोहीम संपली की मोडायची, असा कारभार होता.

पण ही डिव्हिजन डोंगरातल्या लढाईसाठी होती. तिचं वाहन खेचर. तिचं इस्पितळ, तिचा तोफखाना, तिचा शिधा, सगळं खेचराच्या पाठीवर मावेल अशा बेतानं. खैबरपलीकडे ते शोभलं असतं. नदीवर काय करायचं, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, कारण नदीवर जायचंच नव्हतं.

किचनेरनं दुसरंही एक काम केलं. व्हाइसरॉयच्या कौन्सिलात सरसेनापतीशिवाय आणखी एक लष्करी सभासद असे. पुरवठा, दारूगोळा, पैसा त्याच्याकडे. किचनेरला हा दुसरा आवाज नको होता. त्यावरून कर्झनशी जुंपली आणि १९०५ साली कर्झनला राजीनामा देऊन जावं लागलं. आपल्याकडे कर्झन म्हणजे वंगभंग एवढंच लक्षात राहतं; त्याला घालवला तो या भांडणानं. १९०९ पर्यंत पुरवठ्याचं वेगळं खातंही उरलं नाही. लढायचं कसं आणि लढणाऱ्याला खायला काय, दोन्ही प्रश्न सिमल्यातल्या एकाच टेबलावर आले. १९१४ साली त्या टेबलामागे सरसेनापती सर बीचम डफ बसले होते.

१६ ऑक्टोबर १९१४ ला जनरल डेलामेनची १६ वी, म्हणजे पूना ब्रिगेड मुंबईहून निघाली. तुर्कस्तान अजून युद्धात उतरलं नव्हतं. काम मर्यादित होतं : इराणच्या आखाताच्या टोकाशी असलेल्या तेलकंपनीच्या नळांवर आणि अबादानच्या कारखान्यावर लक्ष ठेवायचं, आसपासच्या अरब शेखांना धीर द्यायचा. ६ नोव्हेंबरला ती फाओला उतरली. मागून जनरल बॅरेट उरलेली डिव्हिजन घेऊन आले. नोव्हेंबरातच बसरा पडलं, ९ डिसेंबरला कुर्ना. कुर्न्याला तैग्रिस आणि युफ्रेटिस मिळतात. एप्रिल १९१५ मध्ये शैब्याला तीन दिवस अटीतटीची लढाई झाली. तीत ११७ व्या आणि ११० व्या मराठा पलटणी होत्या. तुर्कांचा सेनापती सुलेमान अस्करी यानं हरल्यावर स्वतःला गोळी घातली.

इथवर सगळं ठीक होतं. समुद्र पाठीशी होता.

बॅरेट आजारी पडले आणि एप्रिलमध्ये टाउन्शेंड आला. त्याच्याविषयी थोडं बोलावंच लागेल. टाळलं तर तुम्हीच विचाराल. उमरावाच्या घराण्यातला. त्याचा एक पूर्वज क्वेबेकच्या लढाईत वुल्फ पडल्यावर फौजेचा ताबा घेणारा. हा स्वतः १८९५ साली चित्रालच्या किल्ल्यात वेढ्यात सापडला, टिकला आणि त्यावर रात्रीत प्रसिद्ध झाला. नेपोलियनच्या मोहिमा त्याला पाठ. बॅन्जो वाजवायचा, लंडनच्या नाटकवाल्यांत रमायचा, आणि आपली बढती कशी अडली याविषयी वरच्यांना सतत पत्रं लिहायचा. बायको फ्रेंच, ॲलिस काहें द'आंव्हेर्स. तिचं आणि तिच्या बहिणीचं लहानपणीचं चित्र रेन्वारनं काढलंय आणि ते जगप्रसिद्ध आहे. अशा माणसाचं चरित्र कुणाला लिहावंसं वाटणार नाही?

आणि सेनापती म्हणून तो साधा नव्हता. मे १९१५ च्या अखेरीस कुर्न्यापलीकडे सगळा मुलूख पुराच्या पाण्याखाली होता आणि तुर्क त्यातल्या उंचवट्यांवर बसले होते. टाउन्शेंडनं शेकडो अरबी होड्या जमवल्या, त्यांना लोखंडी पत्रे ठोकले आणि १७ व्या, म्हणजे अहमदनगर ब्रिगेडच्या शिपायांना बांबूनं होड्या रेटायला शिकवलं. ३१ मे रोजी पायदळानं होड्यांतून हल्ला चढवला. तुर्क पळाले. टाउन्शेंड एका छोट्या आगबोटीतून त्यांच्यामागे इतका सुसाट गेला की ३ जूनला अमारा शहर त्यानं शंभरेक माणसांनिशी घेतलं. शरण आलेले तुर्क त्याच्या माणसांच्या वीसपट होते. फौज मागून आली.

या विजयानं घात केला. बसऱ्याला आता सर जॉन निक्सन मुख्य होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे बगदाद. अमाऱ्यापासून कूत, कूतपासून बगदाद. प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या रक्षणासाठी आवश्यक ठरत गेली. सप्टेंबरच्या अखेरीस टाउन्शेंडनं कूत घेतलं. इथे थांबावं, बगदादला जायचं तर निदान दोन डिव्हिजना हव्यात, असं त्याचं म्हणणं होतं आणि ते त्यानं वर कळवलं होतं. ते बाजूला सारलं गेलं. व्हाइसरॉय हार्डिंग यांना मुसलमान जगात दबदबा हवा होता, लंडनच्या मंत्रिमंडळाला गॅलिपोलीच्या नामुष्कीवर उतारा हवा होता. ऑक्टोबरमध्ये परवानगी मिळाली.

आता नदीकडे पाहा. बसऱ्याहून नदीनं बगदादला जायचं तर वाट आठशे किलोमीटरच्या घरात, वळणावळणांची. रस्ता नाही, रेल्वे नाही. उन्हाळ्यानंतर पाणी उतरतं आणि पात्रात वाळूचे पट्टे वर येतात, म्हणजे फार खोल बुडणारी आगबोट चालत नाही. पुढे गेलेल्या फौजेचं पीठ, दारूगोळा, खेचरांचा चारा, तार, औषध सगळं त्या बोटींवर आणि त्यांना बांधलेल्या पडावांवर. फौज जितकी पुढे जाईल तितकी एका बोटीची फेरी लांबते, म्हणजे तेवढ्याच बोटींतून रोज पोचणारा माल घटतो. हे गणित शाळकरी पोराला जमेल असं आहे. सिमल्याला ते तारांतून पुन्हा पुन्हा कळवलं गेलं. बोटींच्या मागण्या फायलींत फिरल्या, काटछाट होऊन मंजूर झाल्या, आणि ज्या बोटी आल्या त्या उशिरा आल्या. बसऱ्याला धक्काही नव्हता. समुद्रातून आलेली जहाजं माल उतरवायला दिवसेंदिवस प्रवाहात ताटकळत उभी.

२२ नोव्हेंबर १९१५ ला बगदादच्या अलीकडे तेसिफोनला, खुस्रोच्या त्या प्रचंड कमानीच्या परिसरात, लढाई झाली. पहिला खंदक घेतला, दुसरा घेता आला नाही. टाउन्शेंडच्या फौजेची सुमारे ४,६०० माणसं पडली किंवा जखमी झाली. फौजेचा तिसरा हिस्सा गेला म्हणा ना. जखमींना नदीपर्यंत न्यायला होत्या त्या बिनस्प्रिंगच्या, लोखंडी तळाच्या खेचरगाड्या. मोडलेल्या पायांच्या माणसांना त्यांतून मैलोन्‌मैल खडखडत नेलं. नदीवर त्यांना बोटींत आणि पडावांवर दाटीवाटीनं घातलं. बसऱ्याला पोचायला कित्येकांना दोन आठवडे लागले. मेजिदिया नावाची बोट बसऱ्याला लागली तेव्हा मेजर कार्टर नावाच्या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या डॉक्टरनं ती पाहिली. माणसं स्वतःच्या घाणीत, जखमांत किडे पडलेली, एकमेकांना चिकटून पडली होती. त्यानं तक्रार केली. वरिष्ठांनी त्यालाच अटकेची धमकी दिली. यात टाउन्शेंडची नाटकं, त्याची बढती, त्याचा नेपोलियन कुठे येतो?

माघार घेत ३ डिसेंबरला डिव्हिजन कूतला परतली आणि चार दिवसांत वेढा पडला. तो १४७ दिवस चालला.

इथे मात्र टाउन्शेंडला सोडता येणार नाही. त्यानं वर कळवलं की गोऱ्यांना महिनाभर आणि हिंदी शिपायांना दोन महिने पुरेल एवढाच शिधा आहे. मग सुटका करणाऱ्या फौजेची एकच धांदल. जनरल एल्मर यांना फ्रान्सहून येणाऱ्या लाहोर आणि मेरठ डिव्हिजनांच्या पलटणी जशा उतरतील तशा, त्यांचे स्टाफ अधिकारी मागे, तोफा मागे, खेचरं मागे, अशा अवस्थेत जानेवारीतच पुढे लोटाव्या लागल्या. शेख साद, वादी, हन्ना. प्रत्येक ठिकाणी चिखलातून समोरासमोर हल्ला आणि ढीगभर प्रेतं. आणि कूतमध्ये? जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत शिध्यात कपात केली नव्हती. मग गावातल्या घरांची झडती घेतली तेव्हा शेकडो टन जव सापडलं. ते डिसेंबरातच शोधलं असतं तर एल्मरला श्वास घ्यायला वेळ मिळाला असता. सुटकेच्या प्रयत्नांत एप्रिलपर्यंत सुमारे २३,००० माणसं कामी आली किंवा जखमी झाली. आत होते त्यापेक्षा कितीतरी जास्त.

घोड्या-खेचरांचं मांस खाण्याचा प्रश्न मोठा होता. गोरे शिपाई ते लवकर खाऊ लागले. हिंदी शिपायांनी बराच काळ नकार दिला आणि त्यांच्यात स्कर्व्ही पसरली. टाउन्शेंडनं बिनतारी संदेशानं हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी मागवली, ती आलीही. इंग्रजी पुस्तकांत याला हट्ट म्हणतात, अंधश्रद्धा म्हणतात. मला ते तसं दिसत नाही. परवानगी धर्मगुरूंची होती, गावाची नव्हती. गावी परतल्यावर पंगतीला कोण घेणार, घरातल्या मुलीची सोयरीक कोण जोडणार, याचं उत्तर बिनतारी संदेशात नव्हतं. शिपाई कूतमध्ये बसून गावाचा विचार करत होता, म्हणजे आपण परत जाऊ असं त्याला अजून वाटत होतं. शेवटी एप्रिलमध्ये, भूक असह्य झाल्यावर आणि बढत्या अडवण्याची भीती घातल्यावर, बहुतेकांनी खाल्लं. तोवर अंगात काही उरलं नव्हतं.

शेवटचे दिवस ठाऊक आहेत. विमानांतून पिठाची पोती टाकली. काही नदीत पडली, काही तुर्कांकडे. २४ एप्रिलच्या रात्री जुलनार नावाची आगबोट २७० टन अन्न घेऊन वेढ्यातून घुसायला निघाली आणि वाटेत अडकून पकडली गेली. मग लॉरेन्स आणि ऑब्री हर्बर्ट हे ब्रिटिश अधिकारी तुर्कांचा सेनापती खलील पाशा याच्याकडे पैसे देऊन सुटका मागायला गेले, आकडा २० लाख पौंडांपर्यंत चढला आणि खलीलनं तो जगजाहीर केला.

शरणागतीनंतर टाउन्शेंडला बोटीनं बगदादला आणि तिथून इस्तंबूलजवळच्या बेटावर नेलं. त्याचा स्पॉट नावाचा कुत्रा खलीलनं सुखरूप ब्रिटिशांकडे पोचवला. शिपायांना पायी काढलं. बगदाद, मोसुल, रास-अल-ऐन. तिथे बगदाद रेल्वेच्या कामावर. आजारी असल्यानं मागून निघालेला जनरल मेलिस हा व्हिक्टोरिया क्रॉसवाला वाटेत पडलेली, सोडून दिलेली माणसं पाहत गेला, जमतील तेवढी उचलत गेला, आणि त्यानं तुर्की युद्धमंत्री एन्व्हरकडे तक्रार केली. हे त्याच्या सेनापतीला सुचलं नाही. कैदेत गेलेल्या सुमारे २,६०० ब्रिटिश शिपायांपैकी १,७०० हून अधिक मेले. सुमारे ९,३०० हिंदी शिपायांपैकी २,५०० हून अधिक, आणि हा आकडा ढोबळ आहे, कारण कित्येकांचा पत्ता लागला नाही एवढीच नोंद झाली. आपल्याला त्या कैदेचं आतलं वर्णन मिळतं ते शिशिर सर्बाधिकारी या बंगाली स्वयंसेवकाच्या लेखनातून. मराठी शिपायांची आठवण मात्र गावागावांतल्या संगमरवरी पाट्यांवर आहे, आणि पाटीवर नाव नसतं. गावातून किती गेले, किती मेले, एवढंच. बसऱ्याच्या स्मारकावरही ब्रिटिशांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली, हिंदी शिपायांचा पलटणीगणिक आकडा.

आता ज्या मुद्द्याशी यायचं होतं तिथे येतो. हिंदी पलटणीत बारा-तेरा गोरे अधिकारी असत. सुभेदार-मेजर हा पलटणीतला सर्वांत वरचा हिंदी माणूस. वीस-पंचवीस वर्षं नोकरी झालेला. पण कालपरवा विलायतेहून आलेला सेकंड लेफ्टनंट त्याच्या वर. हुकूमत गोऱ्यांकडेच राहावी म्हणून फौज मुद्दाम अशी रचलेली होती. याचा युद्धातला परिणाम असा की शत्रूला पलटण निकामी करायला आठशे माणसं मारावी लागत नव्हती, डझनभर मारली तरी पुरे. तेसिफोनला तेच झालं. आणि मेलेल्या गोऱ्याच्या जागी जो येई तो चहामळ्यातला किंवा पेढीतला राखीव अधिकारी. त्याला शिपायांची भाषा येत नसे. दुसऱ्या बाजूला अशी लढाई निभावणारे सुभेदार-जमादार होतेच. त्यांना पलटण चालवायचा अधिकार मात्र कागदावर नव्हता.

मेसोपोटेमिया चौकशी कमिशनचा अहवाल जून १९१७ मध्ये बाहेर आला. त्यानं कुणाला सोडलं नाही. निक्सन, डफ, हार्डिंग, सगळ्यांवर ठपका. बोटी, इस्पितळं, पुरवठा आणि सरसेनापतीच्या डोक्यावर लादलेली दोन कामं, म्हणजे किचनेरची करणी, सगळ्याची चिरफाड केली. त्या धक्क्यानं भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी माँटेग्यू आले आणि २० ऑगस्ट १९१७ ला त्यांनी जबाबदार राज्यपद्धतीची ती सुप्रसिद्ध घोषणा केली. म्हणजे आपल्या स्वराज्याच्या इतिहासात कूतचा चिखल थेट येतो. आपली पाठ्यपुस्तकं ते सांगत नाहीत.

पण हुकूमत कुणाच्या हाती, या प्रश्नाला कमिशननं हात घातला नाही. त्याच ऑगस्टमध्ये मोजक्या हिंदी माणसांना किंग्ज कमिशन देण्याचं ठरलं आणि पुढे सँडहर्स्टला वर्षाला दहा जागा राखल्या. दहा. तेवढ्यात जर्मनीच्या १९१८ च्या हल्ल्यामुळे सरकारला पुन्हा शिपाई हवे झाले. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डननी युद्ध परिषद भरवली. टिळक तिथे बोलायला उभे राहिले, सैन्यभरतीचा विषय स्वराज्याशी जोडू लागले, गव्हर्नरांनी अडवलं आणि टिळक सभा सोडून निघून गेले. त्यांचा भरतीला विरोध नव्हता. हिंदी तरुणाला अधिकारपद मिळणार असेल तर माणसं देतो, ही त्यांची अट. त्याच सुमारास त्यांनी गांधीजींना ५०,००० रुपयांचा चेक पाठवला. हिंदी लोकांना लष्करात कमिशन मिळेल असं वचन तुम्ही सरकारकडून मिळवा, मग मी महाराष्ट्रातून ५,००० जवान उभे करतो, नाही जमलं तर ही रक्कम दंड समजा. गांधीजींना अशी अट घालून केलेली मदत पटत नव्हती. त्यांनी चेक परत पाठवला.